प्रश्न तुमचे : बाळ आपणहून कधी झोपेल?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे तान्ह्या बाळांच्या झोपेविषयी होती. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयासाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. तो अंगावर पितापिताच झोपतो, नाहीतर पाळण्यात घालून सतत झोका द्यावा लागतो. झोका थांबला की पाच मिनिटांत डोळे उघडतो. रात्री दर तासा-दीड तासाने उठतो आणि पुन्हा अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही. तीन आठवड्यांनी माझी प्रसूती रजा संपते आहे. दिवसा सासूबाई त्याला सांभाळणार आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. तासभर उभे राहून झोका देणे त्यांना जमणार नाही. त्याला आपणहून झोपायला कसे शिकवावे? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तुमच्या पत्रासारखी पत्रे बहुतेक वेळा याच वयाच्या बाळांच्या आयांकडून येतात आणि त्याला कारण आहे. २०१७ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचे असते, आणि साधारण चौथ्या महिन्यापासून त्याच्या झोपेची घडण बदललेली असते. नवजात बाळ दमले की कोठेही, कोणाच्याही हातावर झोपते. चार-पाच महिन्यांच्या बाळाला मात्र आपण कोठे आणि कसे झोपलो याची जाण येऊ लागते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सलग चार तास झोपणारे बाळ आता तासातासाला उठते, आणि आईला वाटते की दूध कमी पडते आहे किंवा आपण लाडावून ठेवले आहे. बाळाचे वजन नीट वाढत असेल तर बहुधा या दोन्हींपैकी काहीही झालेले नसते.

रात्री नेमके काय घडते ते आधी पाहू. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, तर बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. प्रत्येक आवर्तनाच्या कडेला झोप उथळ होते आणि क्षणभर जाग येते. बाळाच्या उथळ झोपेत पापण्यांखाली बुबुळे हलतात, ओठ चुटपुटतात, मधेच हसू उमटते. सटवाई बाळाला हसवते असे आपल्याकडे म्हणतात ते याच अवस्थेत. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की यांनी झोपलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या हालचालींपासूनच निरीक्षणाला सुरुवात केली होती, आणि १९५३ मध्ये त्यांनी नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह झोपेच्या या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९७० च्या दशकात थॉमस अँडर्स या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञाने घरोघरी कॅमेरे लावून बाळांच्या संपूर्ण रात्री टिपल्या. त्यात असे दिसले की रात्रभर शांत झोपते असे ज्या बाळांविषयी आईवडील सांगत होते, तीही रात्री जागी होत होती. फरक इतकाच की त्यांतली काही बाळे इकडेतिकडे पाहून, मूठ चोखून पुन्हा झोपत होती आणि काही रडून हाक मारत होती.

तेव्हा जाग येणे ही अडचण नाही. जाग आल्यावर पुन्हा झोपेत शिरण्यासाठी बाळाला काय लागते, हा खरा प्रश्न आहे. रेल्वेच्या प्रवासात डुलकी लागलेला माणूस गाडी स्थानकात थांबली की डोळे उघडतो. त्याला हलण्याने झोप लागलेली असते आणि ते हलणेच थांबलेले असते. तुमच्या बाळाचे तसेच होते. तो तुमच्या कुशीत, दुधाच्या उबेत झोपतो आणि तासाभराने जागा होतो तेव्हा कूस नसते, दूध नसते, झोका थांबलेला असतो. झोपताना जे होते ते परत मिळेपर्यंत तो रडणार. यात हट्ट नाही.

म्हणून बाळाला झोप शिकवावी लागत नाही. झोप त्याला येतेच. झोप लागण्याआधीची शेवटची चार-पाच मिनिटे त्याने ज्या अंथरुणावर रात्र काढायची आहे त्याच अंथरुणावर, अर्धवट जागेपणी घालवावीत, एवढेच आपल्याला घडवून आणायचे असते. त्या वेळी तुम्ही शेजारी असायला काहीच हरकत नाही. आपणहून झोपणे आणि एकटे झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांत विनाकारण भांडणे होताना मी पाहिली आहेत.

आता प्रत्यक्षात काय करायचे. सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा. दिवसाच्या झोपा पहिले आठ-दहा दिवस आहेत तशाच राहू द्या. संध्याकाळी बाळ दमलेले असते आणि झोपेची ओढ सर्वांत जास्त असते, त्यामुळे नवी गोष्ट तेव्हा लवकर जमते. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा आणि उठताच पडदे उघडा, त्याला उजेडात न्या. संध्याकाळची शेवटची डुलकी साडेपाचपर्यंत आटपेल असे पाहा. मग सात-साडेसातच्या सुमारास कोमट पाण्याने अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध पाजणे आणि अंगाई असा एकच क्रम रोज पाळा. यात सर्वांत महत्त्वाचा बदल दुधाच्या जागेचा आहे. दूध झोपेच्या उंबरठ्यावर न पाजता त्याआधी वीस मिनिटे, दिवा चालू असलेल्या खोलीत पाजा. पिताना पेंगू लागला तर तळपायाला हळूच गुदगुल्या करा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट पाहा. मग दिवा मंद करून त्याला गादीवर उताणे ठेवा. तो कुरकुरेल. शेजारी बसा, छातीवर हात ठेवा, थोपटा, अंगाई म्हणा. रडणे वाढले तर उचलून घ्या, शांत करा आणि झोप लागण्याआधी पुन्हा खाली ठेवा. पहिल्या रात्री असे दहा-बारा वेळा करावे लागेल. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत ते निम्म्यावर येते आणि बहुतेक घरांत दहा-पंधरा दिवसांत बाळ थोपटण्यावर झोपू लागते. मग थोपटणेही कमी करत नुसता हात ठेवायचा आणि नंतर नुसते शेजारी असायचे.

रात्रीचे दूध बंद करू नका. साडेपाच महिन्यांच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला रात्री दोन-तीनदा भूक लागणे स्वाभाविक आहे. आधीच्या पिण्याला दोन तासही झाले नसतील तर प्रथम थोपटून पाहा. त्याहून अधिक वेळ झाला असेल तर पाजा आणि पुन्हा जागे असतानाच खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. पहाटे तीन वाजता तो पितापिता झोपला तर त्याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या वेळी तुमची झोप अधिक मोलाची आहे.

सासूबाईंविषयी. बाळ आईबरोबर एका रीतीने आणि आजीबरोबर दुसऱ्या रीतीने झोपायला शिकते, हे मी असंख्य घरांत पाहिले आहे. त्यामुळे सगळ्यांनी हुबेहूब एकच पद्धत पाळली पाहिजे असा आग्रह धरू नका. रजेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारची एक झोप त्यांच्याकडे सोपवा आणि त्या वेळी तुम्ही घराबाहेर जा. आई समोर नसेल तर बाळ झोपण्यासाठी सहसा दूध मागत नाही. सासूबाईंना खाली मांडी घालून बसता येत नसेल तर बाळाची गादी खाली न घालता बाजूला कठडे असलेल्या लाकडी पलंगावर घाला आणि त्यांना खुर्चीत बसून थोपटू द्या. पाळणा हवाच असेल तर झोका डोळे मिटण्याआधी थांबवायचा, इतके पथ्य पुरे. कापडी झोळी मात्र आता सोडा. झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो आणि पालथ्या होऊ लागलेल्या बाळाला तिच्यात तोंड मोकळे करून घेता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सहा आठवड्यांची आहे. दिवसभर झोपते आणि रात्री बारा ते चार टक्क जागी असते. तिला आत्तापासूनच शिस्त लावावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. या वयात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते, पण दिवस-रात्र ओळखणारे शरीरातले घड्याळ अजून चालू झालेले नसते. अंधार पडल्यावर मेंदूत पाझरणारे मेलाटोनिन हे संप्रेरक ठरावीक लयीत तयार होण्यास साधारण तिसरा महिना उजाडतो. तोपर्यंत शिकवण्यासारखे काही नाही. त्या घड्याळाला मदत मात्र करता येते. दिवसा तिला उजेडाच्या खोलीत ठेवा आणि घरातले आवाज दाबू नका. बाळंतिणीची खोली काळोखी ठेवण्याची जुनी पद्धत या बाबतीत उपयोगाची नाही. रात्री पाजताना मंद दिवा ठेवा, बोलू नका, खेळवू नका. आणि ती दिवसा झोपेल तेव्हा तुम्हीही झोपा, स्वयंपाक दुसरे कोणीतरी करील. सलग आठवडे झोप न मिळाल्याने रडू येत असेल, बाळाजवळ जावेसे वाटत नसेल किंवा झोपण्याची संधी मिळूनही डोळा लागत नसेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे.

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा आहे. सून त्याला खोलीत ठेवून दार लोटून बाहेर येते. आधी तीन मिनिटे, मग पाच, मग दहा, असे घड्याळ लावून त्याला रडू देते. मी बाहेर बसून डोळे पुसते. आमच्या वेळी मूल कधी खाली ठेवले नाही. सून म्हणते, याने बाळ शहाणे होते. मला वाटते, त्याच्या मनावर कायमचा ओरखडा उठेल. खरे काय? (एक आजी, कराड)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. नातवाविषयीची माया तर त्यात आहेच, पण सुनेविषयी एकही कडवट शब्द नाही, आणि म्हणूनच मला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

तुमच्या सूनबाई करत आहेत ती पद्धत बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे जगभर पसरली. तिच्यात बाळाला कायमचे सोडून दिलेले नसते. ठरावीक आणि वाढत्या अंतराने आई आत जाते, धीर देते आणि परत येते. तुम्हाला पडलेला ओरखड्याचा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळे घेऊन एका गटाला याच पद्धतीने झोपवले, दुसऱ्या गटाला झोपेची वेळ पुढे ढकलण्याच्या पद्धतीने, आणि तिसऱ्या गटातील पालकांना केवळ माहिती दिली. बाळांच्या लाळेतील ताणाचे संप्रेरक मोजले आणि वर्षभराने आई-बाळाचा जिव्हाळा तपासला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पद्धती वापरलेल्या बाळांचा ताण वाढलेला आढळला नाही आणि जिव्हाळ्यात फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, हे खरे. पण मेलबर्नमध्ये त्याआधी ३२६ मुलांचा मागोवा ती सहा वर्षांची होईपर्यंत घेतला गेला होता आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतही मुलांच्या मनावर, वागणुकीवर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही. सुरुवातीच्या काळात मातांचे नैराश्य मात्र कमी झाले होते.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सूनबाईंनीही ऐकावी. ज्यांना बाळपणी असे शिकवले होते ती मुले आणि ज्यांना शिकवले नव्हते ती मुले, यांच्या झोपेत सहाव्या वर्षी काही फरक उरला नव्हता. म्हणजे रडू दिल्याने बाळ शहाणे होते असे नाही, आणि उचलून घेतल्याने ते बिघडते असेही नाही. या पद्धतींचा लाभ आहे तो आजचा : आजची रात्र, आईची आजची झोप. तो लाभ लहान नाही. दोन तासांच्या तुटक झोपेवर दिवसभर काम करणाऱ्या आईची अवस्था मी रोज पाहतो. तुमच्या वेळी मूल कधी खाली ठेवले नाही हे मला मान्य आहे, पण त्या घरात जाऊ, नणंद, आत्या, शेजारीण असे किती हात होते ते आठवून पाहा. आता तेच काम दोन हात करतात.

तरीही दार लोटून घेण्याची पद्धत मी आपल्याकडच्या घरांत सहसा सुचवत नाही. माझे कारण वैद्यकीय नाही. ही पद्धत अर्ध्यावर मोडली तर सर्वांत वाईट ठरते. बाळ वीस मिनिटे रडते आणि एकविसाव्या मिनिटाला आजोबा किंवा शेजारी त्याला उचलतात. त्यातून बाळ इतकेच शिकते की वीस मिनिटे रडावे लागते. ज्या घरात बाळाचे रडणे सर्वांच्या कानी पडते आणि सर्वांच्या काळजाला भिडते, तेथे ती टिकत नाही.

सूनबाईंना एक गोष्ट सुचवा, आणि ती विनंती म्हणून सुचवा. मेलबर्नच्या अभ्यासात पालकांना दुसरी एक पद्धतही दिलेली होती : बाळाला जागेपणीच अंथरुणावर ठेवून आई शेजारी बसते आणि दर दोन-तीन रात्रींनी आपली बैठक हातभर दूर नेते, दोन-तीन आठवड्यांत दारापर्यंत पोहोचते. बाळ थोडे रडते, पण आपले माणूस त्याला दिसत असते. ही बैठक काही रात्री तुमच्याकडे मागून घ्या. तुम्हाला येत असलेल्या अंगाया, ओव्या संथपणे म्हणा; रोज तीच, त्याच चालीत. बाळाला शब्दांपेक्षा ती ठरलेली चाल समजते. अट एकच, की त्याला उचलायचे केव्हा आणि नाही केव्हा हे तुम्ही दोघींनी दिवसा, तो खेळत असताना ठरवून घ्यायचे. रात्री अकरा वाजता, दाराशी उभे राहून ठरवायचे नाही.

सहा महिन्यांच्या आतील, तापलेल्या, सर्दीने नाक चोंदलेल्या किंवा वजन कमी भरणाऱ्या बाळावर या उत्तरातल्या दोन्हींपैकी कोणतीही पद्धत वापरू नये.

प्रश्न : आई रोज गुटीत जायफळाचे जास्त वळसे उगाळते, म्हणजे बाळ छान झोपते. एका नातेवाइकांनी सर्दीचे औषध अर्धा चमचा द्यायला सांगितले. बाळ चार महिन्यांचे आहे. चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही आजच थांबवा. जायफळातील मायरिस्टिसिन हे द्रव्य मेंदूवर काम करते. त्याने येते ती गुंगी असते, झोप नव्हे. आणि मात्रा वाढली तर बाळ बेचैन होते, हृदयाचे ठोके वाढतात. सहाणेवरच्या वळशांनी मात्रा मोजता येत नाही, कारण प्रत्येक जायफळाची तीव्रता वेगळी. सर्दीच्या औषधाने येणारी सुस्ती चार महिन्यांच्या बाळाचा श्वास मंदावू शकते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, मध, पाणी काहीही नको. डॉक्टरांनी सांगितलेले जीवनसत्त्व ड वगैरे थेंब द्यावेत. आजीला बाळासाठी हाताने काही करायचे असेल तर संध्याकाळी कोमट तेलाने पाय-पाठ चोळण्याचे काम तिच्याकडे द्या. झोपेआधीच्या रोजच्या क्रमात ते उत्तम बसते.

प्रश्न : आम्ही पाच माणसे एका खोलीत राहतो. मुलगी आठ महिन्यांची आहे. मी दुसऱ्या पाळीला असतो, घरी यायला रात्रीचे साडेअकरा वाजतात. मी आलो की ती जागी असते किंवा उठते, मग आम्ही खेळतो आणि एक वाजता ती झोपते. सकाळी मात्र चिडचिडी असते. स्वतंत्र खोली नसताना हे सगळे सल्ले कसे पाळायचे? (एक बाबा, मुंबई)

उत्तर : स्वतंत्र खोलीची गरजच नाही. पहिले सहा महिने तरी बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावे असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. २०१० साली १७ देशांतील तीन वर्षांखालील २९,२८७ मुलांच्या झोपेची तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतही होता. आशियाई देशांतील बाळे आईवडिलांच्या खोलीत किंवा अंथरुणात झोपतात आणि पाश्चात्त्य बाळांपेक्षा उशिरा व कमी झोपतात, असे तिच्यात दिसले. यातला उशीर आपल्या हातात आहे. आठ महिन्यांच्या मुलीला दिवसा आणि रात्री मिळून १२ ते १६ तास झोप लागते. एक वाजता झोपून ती भरत नाही, म्हणून सकाळची चिडचिड.

खोली एकच असली तरी तिचा एक कोपरा रात्री आठनंतर काळोखा करता येतो. कपाट किंवा घट्ट बसवलेला पडदा आड घालून तिची गादी तेथे घाला, मोठा दिवा बंद करून भिंतीकडे तोंड केलेला लहान दिवा ठेवा. टीव्हीचा आवाज तिला फारसा त्रास देत नाही, पडद्याचा हलता उजेड देतो; म्हणून टीव्हीचे तोंड फिरवा. मोबाइल तिच्या नजरेसमोर नको. पंख्याची एकसारखी घरघर चाळीतले इतर आवाज झाकते, ती चांगलीच. मच्छरदाणी ताणून, गादीखाली खोचून लावा.

तुमच्या भेटीचे काय? दिवसभर कष्ट करून आलेल्या बापाला मुलीचे तोंडही दिसू नये असे मी सांगणार नाही. पण तुमची पाळी दुसरी आहे, म्हणजे सकाळ तुमची आहे. तिला उठवणे, उजेडात नेणे, अंघोळ घालणे, पहिला घास भरवणे ही सगळी कामे तुमची करा. रात्री येताच तिच्याकडे न जाता आधी जेवा. ती उठलीच तर अंधारातच थोपटा, दिवा लावू नका. झोपेची वेळ एका रात्रीत एकवरून नऊवर येणार नाही. दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणा; महिना लागेल.

एका अंथरुणात झोपण्याविषयी स्पष्ट सांगतो. तिला उताणे निजवा. अमेरिकेत १९९४ साली उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाल्यावर झोपेतील आकस्मिक बालमृत्यू दशकभरात जवळजवळ निम्म्यावर आले. गादी घट्ट असावी, उशी नको, मोहरीची उशीही नको, आणि मोठ्यांची गोधडी किंवा चादर तिच्या छातीच्या वर येऊ नये. सर्वांत बिनधोक म्हणजे तुमच्या गादीला लागून तिची वेगळी लहान गादी. घरातील कोणी दारू प्यायले असेल, कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा झोपेचे औषध घेत असेल, तर त्या माणसाशेजारी ती कधीही नको.

प्रश्न : मुलगा चौदा महिन्यांचा आहे. आम्ही झोपायच्या वेळा सांभाळतो, उजेड कमी करतो, तरी तो रात्रभर चुळबुळ करतो, पाय घासतो, कुशीवर कुशी बदलतो. जेवण कमी आहे, पण रोज लिटरभर गाईचे दूध पितो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शरीरात लोह कमी असेल तर मुले रात्री पाय हलवत राहतात आणि झोप तुटते. गाईच्या दुधात लोह फार थोडे असते, शिवाय त्याने पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्ताल्पता आढळली, त्यामुळे तुमच्या मुलात ती असणे मुळीच दुर्मीळ नाही. हिमोग्लोबिन आणि जमल्यास फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, तेही जेवणानंतर. नाचणी, डाळी, पालेभाज्या, अंडे, घरात चालत असेल तर मासे-मटण, आणि वरून लिंबू पिळा. लोहाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा ठरवूनच द्या. लोह भरून येईपर्यंत झोपेच्या कोणत्याही पद्धतीकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. याशिवाय तो घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : नऊ महिन्यांपर्यंत आमची मुलगी थोपटले की झोपत होती. आता दहाव्या महिन्यात ती लाकडी पाळण्यात कठडा धरून उभी राहते आणि मी दिसेनाशी झाले की किंचाळते. केलेले सगळे वाया गेले का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : वाया काहीच गेलेले नाही. आठव्या ते दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला एक नवी समज येते : आई दिसत नसली तरी ती कोठेतरी आहे. म्हणून आता तुमची मुलगी तुम्हाला हाका मारते. आधी डोळ्यांआड झालेली आई तिच्यासाठी नव्हतीच. त्यातच उभे राहण्याचे कौशल्य नवे आहे आणि रात्रीही तिला ते करून पाहावेसे वाटते. दोन-चार आठवड्यांत हे ओसरते. पूर्वीचाच क्रम तसाच चालू ठेवा, रात्री उठल्यावर नवी सवय, म्हणजे फिरवणे, मोबाइल किंवा दुधाची बाटली, सुरू करू नका. खोलीबाहेर जाताना लपूनछपून जाऊ नका. आवाज देत जा आणि लगेच परत या, दिवसा 'भोऽक' करत लपाछपी खेळता तसेच. पाळण्याचे बूड आता सर्वांत खालच्या पातळीवर न्या आणि आत उशा, मऊ खेळणी ठेवू नका, कारण ती त्यांवर पाय देऊन कठडा ओलांडू शकते.

आणखी एक साधी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या वयातल्या कित्येक बाळांना उभे राहता येते, पण खाली बसता येत नाही. अंधारात कठडा धरून उभी असलेली तुमची मुलगी दमून, खाली कसे बसावे हे न कळल्यामुळे रडत असणे अगदी शक्य आहे. दिवसा तिला दिवाणाला धरून उभी करा, तिचे आवडते खेळणे पायाशी ठेवा आणि गुडघे वाकवून खाली बसायला हाताने मदत करा. रोज दहा-पंधरा वेळा, चार-पाच दिवस.